थर्ड पार्टी कुकीशिवाय बरेच महिने: फायरफॉक्सचा अनुभव

क्रोम सोडून फायरफॉक्सवर आलो त्याला आता बरेच महिने झाले म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ब्राउझर म्हणून रोजच्या वापरात मला दोघांत फार फरक वाटला नाही, पानं तेवढ्याच वेगात उघडतात, बुकमार्क पासवर्ड सगळे आले. फरक पडला तो मागे लागणाऱ्या जाहिरातींत, आणि तो चांगलाच जाणवतो.

मागे आईसाठी घरघंटी बघत होतो. दोन-तीन साइटवर भाव काय पाहिले, मग जाईन तिथे घरघंटी. बातम्या वाचतोय तर घरघंटी, स्कोअर बघतोय तर घरघंटी, दुकानातून आणली, घरी दळण सुरू झालं तरी हे चालूच. कारण बातमीच्या साइटवरची जाहिरातीची जागा दुसरीच कंपनी चालवते, ती तुमच्या ब्राउझरमध्ये स्वतःची कुकी, म्हणजे छोटीशी नोंद, टाकते (हीच थर्ड पार्टी कुकी), त्यात एक नंबर असतो. तीच कंपनी रेसिपीच्या साइटवरही बसलेली, तिथे तोच नंबर वाचला की झालं, घरघंटीवाला आला. 1994 मध्ये नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुलीने कुकी काढली ती कार्टमध्ये काय टाकलंय ते लक्षात राहावं म्हणून, पुढे जाहिरातवाल्यांनी तिचं काय केलं ते आपण भोगतोय.

फायरफॉक्स ओळखीच्या ट्रॅकरच्या (साइट-साइटवर तुमचा माग काढणाऱ्यांच्या) कुकी 2019 पासूनच अडवतो, आणि 2022 पासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटसाठी कुकीची वेगळी बरणी. म्हणजे बातमीच्या साइटवर टाकलेली कुकी रेसिपीच्या साइटवर वाचताच येत नाही. हे आपोआप चालू असतं, काही करावं लागत नाही. पत्त्याच्या पट्टीत डावीकडे ढालीचं चिन्ह आहे त्यावर क्लिक केलं की कोणाकोणाला अडवलं ते दिसतं, एकदा बघाच, मराठी बातम्यांच्या पानांवर तर जत्रा असते.

मी नंतर या संरक्षणाचा 'स्ट्रिक्ट' म्हणजे जास्त कडक मोड लावला आणि थोडा त्रास तिथे सुरू झाला. एका कोर्सच्या साइटवर व्हिडिओ दुसऱ्या साइटवरून यायचा, तो सारखं लॉगिन करा लॉगिन करा म्हणायचा, लॉगिन केलं तरी तेच. बातम्यांमध्ये चिकटवलेल्या सोशल मीडियाच्या पोस्ट रिकाम्या दिसायच्या. उपाय सोपा आहे, ढालीवर क्लिक करून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करायचं. बँक, रेल्वे, वीजबिल यात मला एकदाही अडचण आली नाही, लोक उगाच घाबरवतात. नवीन माणसाने आपोआप चालू असलेल्या 'स्टँडर्ड' मोडवरच राहावं, स्ट्रिक्टचा फायदा आहे पण घरच्यांचे फोन येतात 'तुझं ते दिसत नाहीये' म्हणून.

आता जाहिराती कमी झाल्या का? अजिबात नाही. जाहिराती तेवढ्याच, फक्त आता मी नाशकात बसून मुंबईतले फ्लॅट बघतो, कारण त्यांच्याकडे बहुतेक आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेट कनेक्शनच्या नंबरवरून) गावाचा अंदाज तेवढाच उरलाय. आणि जिथे तुम्ही स्वतः लॉगिन करून बसलाय तिथे कुकी अडवून काही होत नाही, त्या कंपनीच्या घरात तुम्ही काय बघता ते तिला माहीतच असतं. 'कुकी स्वीकारा'च्या पट्ट्या पण तशाच, त्या माझ्या मते जास्त डोकं फिरवतात.

क्रोमवाल्यांना सांगायचं म्हणजे वाट बघू नका. गुगलने जानेवारी 2020 मध्ये दोन वर्षांत थर्ड पार्टी कुकी काढतो म्हणून सांगितलं, मग 2023, मग 2024, जानेवारी 2024 मध्ये 1 टक्का लोकांवर प्रयोगही झाला, जुलैमध्ये बेत बदलला आणि एप्रिल 2025 मध्ये या कुकी हव्यात का असं विचारणारी वेगळी खिडकीसुद्धा येणार नाही असं जाहीर केलं. स्वतःचा धंदाच जाहिरातींचा, अजून काय होणार. ॲपलच्या सफारी ब्राउझरने तर मार्च 2020 लाच सगळ्या अडवल्या होत्या, त्यामुळे आयफोनवाले यातलं बरंच न कळत वापरतायत. क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन थर्ड पार्टी कुकी ब्लॉक करता येतात, ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोमच लागतो म्हणून मी तिथे तेच केलंय, ऑफिसचं पोर्टल तेवढं अपवादात टाकलंय.

फोनवर मात्र ब्राउझर बदलून अर्धंच काम होतं. ॲपमधल्या जाहिराती कुकीवर नाही तर ॲडव्हर्टायझिंग आयडीवर, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेल्या नंबरवर चालतात, नव्या अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' शोधा, तिथे तो डिलीट करता येतो.