शहादा तालुक्यातील फिरत्या नालबंदाची सेवा : घोडीच्या खुरातील गळवाच्या उपचाराचा अनुभव

सारंगखेड्याच्या यात्रेला नेण्यासाठी दत्तजयंतीच्या आठ दिवस आधी मी माझ्या काठेवाडी घोडीला, रेवाला, नवे नाल ठोकून घेतले. पाचव्या दिवशी सकाळी ती ठाणावर उजवा पुढचा पाय नुसता टोकावर टेकवून उभी दिसली. आदल्या संध्याकाळपर्यंत ती नीट चालत होती. आता एक पाऊल टाकायलाही तयार नव्हती, तोंडापुढचा लसूणघास तसाच पडून होता, आणि पायाचे हाड मोडले की काय या विचाराने मला घाम फुटला. ज्यांनी नाल ठोकले होते त्यांना फोन केला, तेव्हा पाय मुरगळला असेल, थोडे चालवत राहा, एवढे सांगून त्यांनी विषय संपवला. तो सल्ला मी मानला नाही, हे रेवाचे नशीब. त्यानंतर दोंडाईच्यातील एका पशुखाद्याच्या दुकानदाराने ज्या नालबंदांचे नाव सुचवले, त्यांच्या कामाबद्दल हे लिहीत आहे. ते वयस्क आहेत, शहादा तालुक्यातून दुचाकीवर फिरतात आणि सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांची परवानगी घेतलेली नसल्याने नाव लिहीत नाही.

चाचा दुपारी आले आणि त्यांनी आधी पायाला हातच लावला नाही. दहा मिनिटे ते नुसते तिच्याकडे पाहत राहिले. मग खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटे ठेवून नाडी पाहिली आणि माझीही बोटे तेथे ठेवायला लावली. निरोगी पायात ही नाडी जेमतेम हाताला लागते. त्या पायात ती ठणठण उडत होती, आणि खूरही इतर तिन्हींपेक्षा गरम होता. त्यांनी नाल एका झटक्यात ओढून काढला नाही. प्रत्येक खिळ्याचे वरचे वळवलेले टोक कानशीने घासून खिळे एकेक करून सोडवले आणि प्रत्येक खिळा उन्हात धरून पाहिला. पाच खिळे कोरडे, चकचकीत निघाले. बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा मात्र काळा, ओलसर होता आणि त्याला कुजका वास येत होता. तो जिव्हाळीच्या, म्हणजे खुराच्या आतल्या जिवंत भागाच्या, फार जवळून गेला होता, आणि त्याच वाटेने घाण आत शिरून गळू धरले होते. चिमट्याने खूर ठिकठिकाणी दाबून पाहिला तेव्हा नेमक्या त्याच जागी रेवाने पाय हिसडला.

घोड्याच्या खुरातील गळू इतके का दुखते, हे ज्यांनी घोडा पाळलेला नाही त्यांच्या चटकन लक्षात येत नाही. माणसाच्या हाताला गळू झाले तर कातडी फुगून पुवाला जागा करून देते. खुराचे कवच कठीण असल्याने आत साचलेल्या पुवाला फुगायला जागाच नसते आणि सगळा दाब आतल्या जिवंत भागावर पडतो. म्हणून आदल्या दिवशी धावणारा घोडा दुसऱ्या दिवशी हाड मोडल्यासारखा लंगडतो, आणि म्हणूनच पुवाला खालून वाट मिळणे हाच खरा उपचार ठरतो. ती न मिळाल्यास पू आतल्या आत वर चढत जातो आणि खूर व केस जेथे मिळतात तेथून फुटतो.

मी त्याच दिवशी खूर कोरून घ्यायला उतावीळ झालो होतो. चाचांनी सुरी बाहेरच काढली नाही. "भाऊ, आज नही कापानं. आधी पिकू द्या," एवढेच ते म्हणाले. पू नेमका कोठे आहे हे कळण्याआधी अंदाजाने तळवा खणला, तर भोक मोठे होते, आतला जिवंत भाग त्यातून बाहेर फुगतो आणि चार दिवसांचे दुखणे कित्येक आठवडे पुरते, हे त्यांनी शांतपणे समजावले. पोटीस त्यांनी स्वतः बांधून दाखवले : दोन ओंजळी गव्हाचा कोंडा, मूठभर एप्सम सॉल्ट आणि हाताला सोसेल इतके गरम पाणी, यांचा घट्ट लगदा तळव्यावर थापला, त्यावर लहान मुलाचे डायपर गुंडाळले आणि वरून रुपेरी चिकटपट्टीचे वेढे दिले. पट्टी केसांच्या रेषेवर आवळली तर रक्तपुरवठा अडतो, म्हणून ती खुरावरच ठेवायची, हे त्यांनी दोनदा बजावले. पोटीस बदलताना खूर पंधरा-वीस मिनिटे कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायचा, त्याहून जास्त नाही, कारण फार भिजवल्याने खूर मऊ पडतो.

जाण्यापूर्वी त्यांनी मला पशुवैद्यकांना बोलावण्याचा आग्रह धरला आणि डॉक्टर धनुर्वाताची लस देत नाहीत तोवर मी खुराला पुढे हात लावणार नाही, असे स्पष्ट सांगितले. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, आणि त्याचे जंतू मातीत व लिदीत असतात. डॉक्टरांनी लस व वेदनाशामक दिले. ताप नाही आणि सूज पायावर चढलेली नाही, म्हणून प्रतिजैविकाची गरज नाही, असेही त्यांनी सांगितले.

तिसऱ्या दिवशी दत्तजयंती होती. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरलेला, नालबंदांना श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि तरीही चाचा तापीचा पूल ओलांडून सकाळी साडेसातला आमच्या दारात हजर होते. तळवा आणि खुराची भिंत यांच्यामधली पांढरी रेघ धरून त्यांनी सुरीचे टोक इतके हलके फिरवले की जणू पेन्सिलीला टोक काढत आहेत. हरभऱ्याच्या दाण्याएवढे भोक पडले आणि काळपट राखाडी, पातळ, अतिशय दुर्गंधी पू त्यातून उसळून आला. रेवाने नाकपुड्या फुरफुरवल्या, मान खाली सोडली, आणि अर्ध्या तासाने मी पाहिले तेव्हा तिने टाच जमिनीला लावली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. सुरी पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकात बुडवण्याची आठवण मला करून द्यावी लागली. पू निघाल्यावर त्या भोकात बिब्ब्याचे तेल सोडावे असे चाचांचे मत होते, पण बिब्ब्याने जिवंत भागावर फोड येतात, म्हणून डॉक्टरांनी ते नको म्हटले. चाचांनी ते लगेच मान्य केले, तरी डॉक्टरांचा फोन लागला नसता तर मी कदाचित तेल सोडूच दिले असते. घरी करायच्या गोष्टी ते तोंडीच सांगतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत वही घेऊन बसावे. त्यांचा फोन बहुधा संध्याकाळी सातनंतरच लागतो.

नवा नाल धरून चार फेऱ्यांचे त्यांनी एकूण १,८०० रुपये घेतले. यात्रेच्या दिवशीच्या फेरीचे वेगळे काही मागितले नाही. चौथ्या फेरीत त्यांनी बाकीचे तिन्ही खूरही तपासले आणि पावसाळ्यात काळ्या चिखलात उभे राहून मऊ पडलेल्या पांढऱ्या रेघेत अडकलेले खडे काढले. तिच्या ठाणावर मी आता मुरूम टाकून वर कोरडे गवत पसरतो, म्हणजे दुखऱ्या पायाचा भार सोसलेल्या डाव्या पायालाही आराम मिळतो.

यंदाची यात्रा आमची हुकली. खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. नाल बसवल्यामुळे भोक दिसत नसले, तरी खिळ्याची ती जुनी खूण भिंतीवरून खाली सरकताना दिसते, आणि दर सहा आठवड्यांनी चाचा आले की पाय उचलायच्या आधी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवतात.