कॅनन (म्हणजे कथेत अधिकृतपणे खरं मानलं जातं ते) कुणाचं मानायचं, लेखकाचं की फॅन्सचं?
कथेत नक्की काय घडलं यावर वाद झाला की लेखकाचा शब्द धरायचा की वाचकांनी लावलेला अर्थ, यात बरेचजण अडकतात. मेहनतीचं बघाल तर लेखक सोपा, तो म्हणाला की विषय संपला. पण सुसंगतीचं काय? शेरलॉक होम्सच्या कथांत त्याचा मित्र वॉटसनची जखम १८८७ च्या कादंबरीत खांद्याला आणि १८९० च्या कादंबरीत पायाला, गोष्टींत खुलासा कुठेच नाही, तो वाचकांनीच तर्क लढवून शोधला आणि मला ते फार भारी वाटतं. टिकाऊपणात पण वाचकच पुढे, लेखक मत बदलतो, एक दिवस जातोही. फक्त फॅन्सचं एकमत होत नाही.

विकी किंवा पुढचा भाग लिहायचाय तर लेखकाचं धरा, पात्र समजून घ्यायचंय तर फॅन्सचं, पण मजकुरात आधार असेल तरच.