पन्हाळा की भुदरगड? एकच दिवस हाताशी असेल तर

कोल्हापुरात पाहुणे आले, अंबाबाईचं दर्शन झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला: गड कुठला दाखवायचा? पन्हाळा आणि भुदरगड, दोन्ही शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या नावावर सांगतात. पण दिवस घालवायचा म्हटलं तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पन्हाळा शहरापासून जेमतेम 20 किलोमीटर. एसटी मिळते, स्वतःची गाडी असेल तर थेट गडावर जाते. सोबत आजी-आजोबा, लहान पोरं असतील तर दुसरा विचारच नको. गडावर नांदतं गाव असल्यानं झुणका-भाकर, दही, खर्डा सगळं मिळतं. 2025 साली तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला, त्यामुळं रविवारी दुपारी पार्किंगसाठी घिरट्या घालायची तयारी ठेवा.

बहुतेक जण तीन दरवाजापाशी फोटो काढून भाकरीवर ताव मारतात आणि खाली उतरतात. तसं करू नका. तीन दरवाजाला खेटूनच अंधारबाव आहे. वरून साधी इमारत दिसते, पण ती तीन मजली आहे: तळाला पाणी आणि मधल्या मजल्यावरून थेट तटाबाहेर निघायची चोरवाट. मग अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं; एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं, असं सांगतात. आत उभं राहून छताकडं बघा, धान्य वरून ओतायची भोकं दिसतील. 1660 मध्ये सिद्दी जौहरनं महिनोन् महिने वेढा घालूनही गड का तग धरून राहिला, ते इथं कळतं.

सिंहासन, हत्यारं, सजवलेली दालनं बघायची असतील तर मात्र गड चढूच नका. शहरातच न्यू पॅलेसचं संग्रहालय आहे.

भुदरगड गारगोटीच्या पुढं, म्हणजे जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर. रस्ता गडापर्यंत जातो, पण वर पन्हाळ्यासारख्या इमारती नाहीत. भैरवनाथाचं देऊळ, दुधट पाण्याचा मोठा तलाव आणि भन्नाट वारा. 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीच्या, बंडात हाही गड होता. पन्हाळा आधी बघून झालाय, गर्दीचा वैताग येतो, असं असेल तर बिनधास्त इकडं या. फक्त पाणी आणि डबा गारगोटीतच भरून घ्या.