बॉबकट टोप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

केमोथेरपीने केस गेलेल्या बाईने टोप कसा निवडावा, याविषयी मला सगळ्यांनी एकमुखाने एकच सल्ला दिला होता आणि तो सपशेल चुकीचा निघाला. रुग्णालयातल्या परिचारिकेपासून आमच्या जाऊबाईंपर्यंत प्रत्येकीने बजावले, “होते तस्सेच केस घ्या, म्हणजे कोणाला कळणार नाही.” मी तसा एक घेतला आणि तो तीन आठवड्यांत कपाटात गेला. त्यानंतर माझ्या मूळ केसांशी काडीचाही संबंध नसलेला, कानाच्या पाळीखाली संपणारा, तांबूस छटेचा बॉबकट टोप घेतला, तो आजतागायत वापरते आहे. हे परीक्षण त्या दुसऱ्या टोपाचे आहे. पहिल्याचा उल्लेख तुलनेपुरता येईल, कारण त्यावर घालवलेले ३,८०० रुपये मी अजून विसरलेले नाही.

मला स्तनाचा कर्करोग २०१९ मध्ये झाला. शस्त्रक्रिया आणि केमो पार पडली, मधली काही वर्षे बरी गेली आणि २०२४ च्या अखेरीस तो हाडांत पोहोचल्याचे कळले. अशा अवस्थेत उपचार संपत नाहीत, फक्त औषधे बदलत राहतात. पहिल्या वेळी मी कित्येक महिने डोक्याला सुती ओढणी गुंडाळून काढले होते. घरातली माणसे माझ्याशी बोलताना आपली नजर माझ्या भुवयांच्या वर जाणार नाही याची इतकी काळजी घेत, की डोक्यावर पाल बसली आहे की काय, असे मलाच वाटू लागे. या वेळी ते नको होते. सगळ्याच केमोने केस जातात असे नाही, पण मला दर आठवड्याला मिळणाऱ्या पॅक्लिटॅक्सेलने ते बहुतेक जातातच, आणि तिसऱ्या आठवड्यात उशीवर पुंजके दिसू लागताच लेकीने यांच्या दाढीच्या ट्रिमरने माझे डोके साफ केले. ८४ वर्षांच्या सासूबाई शेजारी खुर्ची टाकून, “त्या कानामागे राहिलंय बघ,” अशी देखरेख करत होत्या. न्हाव्याला बोलावले असते तर इतके हसू आले नसते.

पहिला टोप घरबसल्या मागवलेला, पाठीपर्यंत लांब, काळाभोर. तो घालून आरशात पाहिले तेव्हा जत्रेतल्या बाहुलीची आठवण झाली, कारण स्वस्त कृत्रिम धाग्याला जी चकाकी असते ती माणसाच्या केसांना कधीच नसते. भांग म्हणजे मध्यभागी शिवलेली एक पांढरी पट्टी, आतली जाळी खरखरीत, आणि केमोमुळे हुळहुळ्या झालेल्या कातडीवर ती तासाभरात टोचायला लागे. परत घेण्याविषयी विक्रेत्याने कळवले की ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ परत घेतली जात नाही. तरीही मी तो वापरला असता, पण एका सकाळी पोह्यांची फोडणी करताना कढईवर जरा जास्त वाकले आणि वाफ लागून पुढच्या बटा आखडून घासणीसारख्या झाल्या. कृत्रिम टोपाला उष्णता चालत नाही, ही गोष्ट डब्यावर ठळक अक्षरांत छापायला हवी होती. गॅसची शेगडी, कुकरची शिटी, ओव्हनचे उघडलेले दार, केस वाळवण्याचे यंत्र, या सगळ्यांपासून तो लांब ठेवावा लागतो. सध्या तो आमच्या सोसायटीच्या मालकीचा असून यंदाच्या गणेशोत्सवात हिडिंबेच्या डोक्यावर शोभून दिसला.

दुसरा टोप दादरला मिळाला, तो नाटकांना टोप पुरवणाऱ्या एका कारागिराकडे. दुकान पहिल्या मजल्यावर आहे. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण “आहे तेवढंच काम हातून उरकत नाही, ताई, आणखी गर्दी नको,” असे त्यांनीच सांगितले आहे. खोलीत भिंतीभर लाकडी डोकी मांडलेली, त्यांवर पेशवाईतली शेंडी, ऋषींच्या जटा, खलनायिकेचा अंबाडा. आपल्याकडे संगीत नाटकांत पुरुषांनी टोप चढवून नायिका रंगवल्या आणि प्रेक्षकांतल्या बायकांनी बालगंधर्वांचे नेसणे पाहून आपले नेसणे सुधारले. त्या परंपरेच्या खोलीत टकलाने बसण्याची लाज वाटणे अवघडच होते. काकांनी शिंप्याची टेप काढून डोक्याचा घेर, कपाळापासून मानेच्या खळगीपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अशी मापे घेतली, वहीत लिहिली आणि विचारले, “आधीसारखं पाहिजे, की मजा करायची?”

गेल्या कित्येक महिन्यांत मला कोणी काही विचारले होते ते ‘कुठे दुखते’, ‘उलटी झाली का’ आणि ‘सही इथे करा’ एवढेच. औषध कोणते, किती, कोणत्या दिवशी, सुई कोणत्या हाताला, यांतले काहीही मी ठरवत नव्हते. त्यामुळे रंग, लांबी आणि कपाळावरच्या झालरीची उंची ठरवण्यात मी त्या दिवशी सव्वा तास घेतला. सोबत आलेल्या जाऊबाई दोनदा घड्याळ पाहून तिसऱ्यांदा स्वतःच एक भुरा टोप घालून बसल्या. पन्नाशी उलटेपर्यंत मी वेणी आणि अंबाडा यांपलीकडे गेले नव्हते. बॉबकट करावा असे कॉलेजात असताना फार वाटे, पण वडिलांना आवडले नसते आणि पुढे सासरी कोणाला विचारायचे धाडस झाले नाही. आता कापायला केसच नव्हते, म्हणजे परवानगीचाही प्रश्न नव्हता.

बांधणीविषयी थोडे तपशिलात लिहिते, कारण पैसे तिथेच जातात. यंत्रावर बनलेल्या टोपात केसांच्या पट्ट्या शिवलेल्या असतात आणि त्यांच्यामधून आतली जाळी दिसते. माझ्या टोपाचा माथा मात्र हाताने विणलेला आहे: क्रोशाच्या सुईसारख्या, पण तिच्याहून कितीतरी बारीक आकडीने पारदर्शक जाळीत एक-एक दोन-दोन धागे गाठ मारून ओवलेले. त्यामुळे भांगातून आपल्याच कातडीचा रंग दिसतो आणि भांग हवा तिकडे पाडता येतो. बाजू आणि मागचा भाग यंत्राचाच ठेवला, म्हणून किंमत ६,५०० रुपयांत बसली. पूर्ण हाताने विणलेला आणि खऱ्या केसांचा घेतला असता तर याच्या तिप्पट-चौपट पडली असती. खऱ्या केसांच्या टोपाचा मोह मलाही झाला. आपल्या देशातून जगभर जाणाऱ्या केसांचा मोठा वाटा देवस्थानांत उतरवलेल्या केसांचा असतो आणि तिरुपतीचे केस तर रीतसर लिलावाने विकले जातात, तेव्हा कोणाचा तरी फेडलेला नवस आपल्या डोक्यावर मिरवावा, ही कल्पना मोठी लोभस होती. परंतु खरे केस धुतले की बसवावे लागतात, पावसाळी हवेत फुगतात आणि त्यांच्या निगेला जी ताकद लागते ती केमोच्या आठवड्यात माझ्याकडे नव्हती. कृत्रिम टोप धुऊन झटकला की मूळ आकारात येतो. आयुष्यात एवढ्या आज्ञाधारक केसांशी माझी कधी गाठ पडली नव्हती.

धुण्याची रीत सोपी आहे. साधारण दहा वेळा घातल्यावर थंड पाण्यात सौम्य शॅम्पू घालून बुडवायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही, टॉवेलात दाबून पाणी टिपायचे आणि सावलीत वाळवायचा. वाळवण्याचा स्टँड मिळतो, पण मी उपड्या घातलेल्या तांब्याच्या कळशीवर ठेवते. पहिल्यांदा तो तसा गॅलरीत पाहून इस्त्रीवाल्याने कळशीला नमस्कार केल्याचे लेक शपथेवर सांगते. ओला असताना विंचरला तर धागे ताणून तुटतात, म्हणून वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोके आणि मग हळूहळू वरचा भाग विंचरावा. आत पातळ सुती टोपी घातली तर घाम टिपला जातो आणि टोप सरकत नाही.

आता सरकण्याविषयी, कारण ही या वस्तूतली खरी उणीव आहे. मागच्या बाजूला घेर कमी-जास्त करायच्या दोन पट्ट्या आहेत आणि एरवी त्यांनी काम भागते. लोकलच्या दारातला वारा टोपाने सहज सोसला. हेल्मेटपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. एप्रिलमध्ये यांच्या स्कूटरवर मागे बसून भाजी आणायला गेले, मंडईपाशी उतरून हेल्मेट काढले आणि टोप आतच राहिला. समोर भाजीवाली, तिच्या बाजूला दोन गिऱ्हाइके, आणि मी हातात हेल्मेट घेऊन, भर उन्हात चकचकीत डोक्याने उभी. यांचा चेहरा पांढरा पडला. भाजीवालीने माझ्याकडे पाहिले, हेल्मेटमध्ये पाहिले आणि अतिशय गंभीरपणे विचारले, “पिशवी आणलीय, की यातच घालू?” आम्ही दोघी रस्त्यावर बसून हसलो. कोथिंबिरीची जुडी तिने फुकट दिली, तीही हेल्मेटातच. तेव्हापासून स्कूटरवर मी टोप पिशवीत घेते आणि पोहोचल्यावर घालते.

उन्हाळ्यातला घाम ही दुसरी तक्रार. मे महिन्यात दोन तासांपेक्षा जास्त वेळ टोप सहन होत नाही आणि औषधांमुळे अंगातून ज्या वाफा येतात त्या वेळी तर तो आहे तिथे उपटून टाकावासा वाटतो. घरात मी तो घालत नाही, घालायची गरजही वाटत नाही. तिसरी तक्रार दुकानाच्या जिन्याची: लाकडी, अंधारा, उभा चढ, उद्वाहन नाही. हाडे दुखत असलेल्या माणसाने तिथे केमोनंतरच्या दोन-तीन दिवसांत जाऊ नये, आणि सोबत कोणीतरी न्यावे. टोपाचे बिल मी विम्यासाठीही पाठवून पाहिले होते. ते ‘सौंदर्यप्रसाधन’ असा शेरा घेऊन परत आले. रागावण्याआधी मला त्या शेऱ्याचा थोडा अभिमानच वाटला.

परंतु टोपाची खरी परीक्षा मे महिन्यातल्या एका लग्नात झाली. डोंबिवलीला कार्यालयात आम्ही पंगतीत बसलो होतो आणि पाठीमागे यांच्या नात्यातल्या दोन बायका, मला ऐकू येईल अशा बेताने कुजबुजत होत्या. एक म्हणाली, “बघितलंस का? या वयात बॉबकट! आणि वर रंगवलाय!” दुसरी म्हणाली, “पैसा आलाय, दुसरं काय.” त्यांना माझ्या आजाराची गंधवार्ता नव्हती. गेल्या पाच महिन्यांत मला भेटलेल्या प्रत्येकाने आवाज हळू केला होता, हातात हात घेतला होता, ‘तू किती धीराची’ असे सांगितले होते. या दोघींनी मला धड निरोगी बाईला घालतात तशी नावे ठेवली. मी जिलबी पुन्हा घेतली. तोंडाची चव गेल्याने ती कळली नाही, पण कुरकुरीतपणा पुरेपूर कळला. ‘होते तस्सेच’ केस घातले असते तर या कानगोष्टीला मी मुकले असते, कारण आधीसारखे दिसण्याची धडपड करणाऱ्या बाईकडे लोक निरखून पाहतात आणि त्यांना हटकून कळते. नवी फॅशन केलेल्या बाईला फक्त नाके मुरडतात.

टोप सगळ्यांनी घ्यावाच असे माझे म्हणणे नाही. माझ्यासोबत सुई घेणारी एक तरुण मुलगी उघड्या डोक्याने, मोठी झुमकी घालून येई आणि आमच्यापैकी सगळ्यांत देखणी तीच दिसे. खर्च परवडत नसेल तर दान केलेल्या केसांचे टोप रुग्णांना विनामूल्य देणाऱ्या संस्था आहेत. उपचार चालू असलेल्या रुग्णालयातील समाजसेवा विभागात चौकशी करावी. विकत घेणार असाल तर केस पूर्ण जायच्या आधीच माप देऊन ठेवा, प्रत्यक्ष घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका आणि दुकानात जाताना हसवणारे माणूस आवर्जून सोबत न्या. रोजच्या वापरात कृत्रिम टोप चार ते सहा महिने टिकतो. माझा केवळ बाहेर जाताना घालत असल्याने आठ महिन्यांनंतरही बरा आहे, फक्त मानेपाशी धागे थोडे राठ झाले आहेत. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा हेल्मेटने खाल्ला.

पॅक्लिटॅक्सेल थांबल्यावर माझे स्वतःचे केस पुन्हा आले, तेही पूर्वी कधी नव्हते इतके कुरळे. पुढच्या स्कॅननंतर औषध बदलायची वेळ आली तर ते पुन्हा जातील, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. म्हणून मागच्या आठवड्यात जाऊबाईंना घेऊन तो जिना पुन्हा चढले आणि काकांना पांढराशुभ्र टोप सांगितला. खऱ्या केसांत पांढरा रंग दुर्मीळ आणि महाग असतो, कृत्रिम धाग्यात मात्र भाव तोच पडतो. “पांढरा?” त्यांनी वहीतून मान वर केली. मी म्हटले, माझे आपोआप पांढरे होईपर्यंत थांबायला मला वेळ मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि कसे दिसते ते तर बघायचे आहे. त्यांनी काही न बोलता जुनेच माप उतरवून घेतले आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितले. घरी येऊन सासूबाईंना ही बातमी दिली. त्यांनी आपल्या पांढऱ्या अंबाड्यावरून हात फिरवला, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, “म्हणजे आता चारचौघांत आपण जावा-जावा दिसणार.”