शिबिरासाठी रक्तदाबाचे यंत्र: डायलचे की स्वयंचलित?

मंडळाच्या किंवा सोसायटीच्या रक्तदाब तपासणी शिबिरासाठी यंत्र घ्यायचे झाल्यास दोनच पर्याय उरतात: स्टेथोस्कोप लावून वापरायचे डायलचे यंत्र आणि दंडाला पट्टा बांधून कळ दाबली की आकडा दाखवणारे स्वयंचलित यंत्र. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानंतर पाऱ्याच्या यंत्राची सद्दी संपत आली आहे आणि मनगटावरचे यंत्र शिबिरासाठी मी तरी सुचवणार नाही.

सदाशिव पेठेतील आमच्या मंडळाने गणेशोत्सवातील शिबिरात दोन वर्षे डायलचे यंत्र वापरले. जाणत्या हातात ते उत्तम चालते. मात्र एकदा हातातून पडले की काटा चुकू लागतो आणि वरून काहीच कळत नाही.

माझे मत फिरवले ते नोंदवहीने. दुसऱ्या वर्षी ती चाळताना दिसले की पानेच्या पाने १२०/८०, १३०/८०, १४०/९० अशा शून्यावर संपणाऱ्या आकड्यांनी भरली आहेत. डायलवर दोन-दोनच्या रेघा असतात, तेव्हा १३४ किंवा १३८ हेही आकडे यायलाच हवे होते. स्वयंसेवक कामचुकार नव्हते. पण बाहेर ढोल-ताशा आणि समोर रांग असताना कानातला ठोका नेमका कुठे सुरू झाला हे टिपणे कठीण जाते आणि नजर आपसूक ठळक रेघेवर जाऊन बसते. जिथे १४०/९० ही उच्च रक्तदाबाची सीमारेषा मानायची, तिथे १३६ आणि १४४ हे दोघेही १४० च्याच खात्यात जमा होणे मला फार खटकले.

स्वयंचलित यंत्राला अर्थात असा शून्याचा लळा नसतो. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून सरासरी काढणेही त्यावर सोपे जाते. तरीही पाच मिनिटे शांत बसवणे, पाठीला टेका देणे आणि मोजताना गप्पा थांबवणे हे आपल्यालाच करावे लागते, आणि पुण्यात यांतले शेवटचे काम सर्वांत अवघड! जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढतो, म्हणून मोठा पट्टा दुकानदाराकडे आवर्जून मागावा.

जुने डायलचे यंत्र आम्ही टाकलेले नाही. नाडी अनियमित असलेले कोणी आले, तर स्वयंचलित यंत्रावर मला पुरेसा भरवसा वाटत नाही. अशा वेळी ते कपाटातून निघते आणि शिबिरातले डॉक्टर स्वतः मोजतात.