नर्सिंग लायसन्सच्या केसचा वकील: काम चोख, फोनच्या नावाने बोंब

माझी बहीण कॅलिफोर्नियात आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, पार्टीहून येताना पोलिसांनी थांबवलं, रक्तातलं अल्कोहोल 0.08 टक्क्यांच्या वर, झाली डीयूआयची (दारू पिऊन गाडी चालवल्याची) केस. आम्हाला वाटलं कोर्टात दंड भरला की सुटलो, ड्युटीवर थोडीच होती! पण लायसन्ससाठी दिलेल्या फिंगरप्रिंटमुळे अटकेची खबर थेट नर्सिंग बोर्डाला जाते आणि ड्युटीवर नसताना प्यायलात तरी दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला म्हणून कारवाई होऊ शकते. अ‍ॅक्युझेशन (बोर्डाचं आरोपपत्र) हातात पडलं की 15 दिवसांत नोटीस ऑफ डिफेन्स (सुनावणी मागणारं उत्तर) पाठवायची, नाहीतर तुमचं न ऐकताच निकाल, हे या वकिलाने पहिल्याच कॉलला सांगितलं, आधीचा कोर्टातला वकील चकार शब्द बोलला नव्हता.

शेवटी सेटलमेंटमध्ये 3 वर्षांचं प्रोबेशन (अटींवर काम करायची मुभा), दारू पूर्ण बंद, कधीही टेस्टला बोलावणार, पण लायसन्स टिकलं. बोर्डाच्या साइटवर मात्र ही कारवाई कुणालाही दिसते, ते बिचारीला फार लागलंय.

फी डोळे पांढरे करणारी, ईमेलचेही पैसे लावतात आणि फोन असिस्टंटच उचलते. तरी 4 स्टार. एक कापला तो ईमेलच्या बिलासाठी.