क्लिप की कॉइल: नंतरची डोकेदुखी

मेंदूतला न फुटलेला धमनीचा फुगा बहुतेकदा भलत्याच कारणाने काढलेल्या एमआरआयमध्ये सापडतो. तेव्हा जुनी डोकेदुखी त्याचीच, असं धरू नये. उपचारानंतर ती बऱ्याच जणांची कमी होते, सगळ्यांची नाही.

कॉइलिंगमध्ये जांघेतून किंवा मनगटातून धमनीत नळी जाते आणि फुग्यात बारीक तारेची वेटोळी (कॉइल) भरतात. डोकं काही दिवस, कधी काही आठवडे ठणकतं. स्टेंट (धमनीत ठेवायची जाळीची नळी) बसवला असेल तर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल गोळ्या चालू असतात. त्यावर गावच्या मेडिकलातलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतलं की पोटात रक्तस्रावाची भीती. पॅरासिटामॉल बरं, तेही विचारूनच.

क्लिपिंगला, म्हणजे फुग्याच्या मानेला चिमटा (क्लिप) लावायला, कवटी उघडतात, कानशिलाचा स्नायू सोडवतात. मग तांदळाची भाकरी चावतानाही जबडा धरतो, टाक्यांभोवती बधिरपणा राहतो, दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं.

क्षणात वीज कोसळावी तसं डोकं दुखलं, तर फुगा फुटला असू शकतो; सावंतवाडीहून इस्पितळासाठी कोल्हापूर की गोव्यातलं बांबोळी हा वाद नंतर, आधी १०८.